तालुक्याचं डायलिसिस सेंटर: चार स्टार

सासूबाईंचं डायलिसिस इथे महात्मा फुले योजनेतून चालतं. एसी भलताच गार, नातेवाइकांना बसायला एकच बाकडं. तरी सेंटर बदलणार नाही, ते इथल्या सिस्टरांमुळे.

मध्यंतरी सासूबाईंची उचकी काही केल्या थांबेना. साखर चाटवून झाली. सिस्टरांनी वजन-बीपी घेता घेता सरळ विचारलं, "आजी, कमरख खाल्लंत का?" खाल्लं होतं! (कमरख म्हणजे स्टारफ्रूट, ते आंबट, कंगोऱ्यांचं फळ.) शेजारच्या काकींनी परसातलं आणून दिलेलं, वर मीठ-तिखट. (मीठही बंदच आहे, पण ते राहू दे.) कमरखात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं विष असतं, ब्राझीलच्या संशोधकांनी ते २०१३ मध्ये शोधलं. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, निकामी किडनी असली की साठून मेंदूवर परिणाम करतं. आधी उचकी, मग भ्रम, फिट्स, प्रसंगी मृत्यूसुद्धा. डॉक्टरांनी लगेच मशीनला लावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग उतार पडला.

आहाराच्या छापील तक्त्यात वर्ज्य म्हणून मात्र केळी, शहाळं सगळं आहे, कमरखाचं नाव नाही. कोकणातल्या सेंटरात ते पहिल्या ओळीत हवं. सिस्टरांनी तूर्त पेनाने लिहून दिलंय. एक स्टार एसीपायी कापला. शाल घेऊन जा.