सिलिकॉनचे हील कप : चार महिने वापरून झाल्यावर

पहाटे साडेचारला पलंगावरून पाय खाली टेकवला की उजव्या टाचेत दाभण खुपसल्यासारखी कळ यायची. दहा-पंधरा पावलं लंगडत गेलं की जरा सैल व्हायचं. माझं पोळी-भाजीचं काम. रोज दीडशे पोळ्या लाटायच्या, तेही शहाबादी फरशीवर चार तास अनवाणी उभं राहून.

मेडिकलमधून साडेतीनशे रुपयांना हील कपची जोडी आणली. वाटीसारखा आकार, मधोमध टाच टेकते तिथे जास्त मऊ असा निळा गोल. पहिल्याच दिवशी उभं राहणं सुसह्य झालं. उघड्या चपलेत मात्र ते मागून सरकतात, म्हणून ओट्यापाशी घालायला वेगळे कापडी बूट घेतले. दुखणं एका टाचेचं असलं तरी कप दोन्ही पायांत घालते. एकच घातला तेव्हा दोन दिवसांत कंबर धरली. घामाने चिकट होतात, कडेला पिठाचा थर बसतो. रोज रात्री साबणाने धुऊन सावलीत वाळवते. अजून फाटलेले नाहीत, निळा भाग थोडा दबलाय.

पण सकाळची कळ नुसत्या कपने गेली नाही. दीड महिना वाट पाहिली, मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टाचेखाली आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि मी ओरडलेच. प्लांटर फॅशियायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो हाडाला जिथे धरलेला असतो तिथे ताण बसतो. रात्रभर तो आखडतो, म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसल्यावर मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, असं हाड न दुखणाऱ्या टाचांतही दिसतं. इंजेक्शन आत्ताच नको म्हणाले, वारंवार घेतलं तर टाचेची गादी झिजू शकते. खरा गुण आला तो व्यायामाने : उठण्याआधी चवड्याला टॉवेल अडकवून तळवा ताणायचा, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, संध्याकाळी बर्फाच्या बाटलीवर पाय फिरवायचा. आता सकाळची एक-दोन पावलंच जड जातात.

माझ्या जाऊबाईंनी असेच कप मागवायला सांगितले, तेव्हा मी मागवले नाहीत. त्यांना बारा वर्षांची शुगर, तळव्यांना मुंग्या आणि जळजळ, रात्री झोपेतही ठणका. त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं. त्रास नसांचा निघाला. बधिर टाचेला जखम झाली तरी कळत नाही हो! पडल्यावर पाय टेकवत नसेल, टाच सुजून लाल झाली असेल, ताप असेल, तरी कप विकत घेण्यात दिवस घालवू नका.

घेणार असाल तर चपलेचा नंबर सांगूनच घ्या. मी आधी मोठा आणला होता, तो बुटात दुमडायचा, आणि उघडलेलं पाकीट दुकानदाराने परत घेतलं नाही.