स्विफ्ट डिझेलचा वॉटर पंप घरी बदलला: पार्ट कसा आहे आणि काम कितपत जमतं

ज्यांच्याकडे जुनी स्विफ्ट डीडीआयएस, म्हणजे डिझेल स्विफ्ट, आहे त्यांच्यासाठी लिहितोय. पार्ट म्हणजे मारुतीचा ओरिजिनल वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवतो तो), होलोग्रामवाल्या सीलबंद पाकिटातला, पुण्यात नाना पेठेतनं आणलेला. पंप एक नंबर आहे, पैसे वसूल, आणि ज्याने कधी स्वतः अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करतो त्याचा) बेल्ट बदललाय त्याला हे काम पार्किंगमध्ये एका रविवारी नक्की जमेल.

जमेल असं म्हणतोय त्याला कारण आहे. हे इंजिन म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी, त्याला टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारी साखळी) आहे आणि वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो, त्यामुळे टायमिंगला हात लावायचा प्रश्नच येत नाही. हेच पालिओच्या १.२ पेट्रोलला किंवा पोलोच्या १.६ टीडीआयला पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, तिथे टायमिंग चुकलं तर इंजिनाचंच काम निघू शकतं, त्या गाड्यांना घरी हात लावू नका, चांगल्या मेकॅनिककडेच द्या.

जुना पंप लाखभर किलोमीटर इमानदारीत चालला, एवढ्या रनिंगनंतर सील झिजणारच. लक्षण एकदम साधं होतं, कूलंटची लेव्हल हळूहळू खाली यायची पण जमिनीवर थेंब नाही. पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, ते मुद्दामच दिलेलं असतं, आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथनं बाहेर यावं म्हणून. गरम इंजिनावर ते वाळतं आणि मागे पापुद्रा राहतो. टॉर्च मारून बघा, त्या भोकाखाली सुकलेला ओघळ दिसला की समजायचं. आणि रेस केल्यावर वाढत जाणारा घूंऽऽ आवाज पण असेल तर बेअरिंग पण चाललंय, मग थांबू नका, कारण बेअरिंग जाम होऊन बेल्ट तुटला तर अल्टरनेटरही बंद पडतो आणि गाडी भर घाटात उभी राहते.

आता पंपाविषयी. दुकानात काउंटरवरच पॅकेट उघडून बघितला, तिथल्या काकांनी पण अजिबात कुरकुर केली नाही उलट स्वतःहून चेसिस नंबर विचारून पार्ट नंबर जुळवून दिला. शाफ्ट हाताने फिरवला तर एकसारखा जड फिरतो, कुठे खरखर नाही, बाजूला हलवला तर प्ले (ढिलेपणा) शून्य. इंजिनाला टेकते ती बाजू आरशासारखी साफ, आणि सोबत नवीन पॅकिंग (मधे बसतं ते गॅस्केट). शेजारी एक बिननावाचा स्वस्तातला पण ठेवला होता, त्याच्या शाफ्टला नवा असतानाच किंचित प्ले जाणवत होता. पंपात सगळा खेळ सीलचा आणि बेअरिंगचाच आहे, तिथे पाचशे रुपये वाचवून पुन्हा सगळं खोलायचं म्हणजे कूलंट पण पुन्हा नवीन आलंच.

कामात सगळ्यात त्रास जागेचा. ड्रायव्हर साइडचं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढल्याशिवाय हात जात नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, खाली स्टँड पाहिजेच, आणि काढलेलं चाक पण आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, बेल्ट कुठनं कसा फिरलाय त्याचा फोटो घ्या, तोच बेल्ट परत टाकणार असाल तर फिरण्याची दिशा खडूने लिहा. एक महत्त्वाचं, पंपाच्या पुलीचे बोल्ट बेल्ट काढायच्या *आधी* सैल करा, बेल्टच्या ताणामुळे पुली जागेवर राहते, नंतर ती नुसती गरगर फिरते आणि पान्याला काही दाद देत नाही.

खरा वेळ जातो तो पॅकिंगची जागा साफ करण्यात. जुन्या पॅकिंगचे कण चिकटलेले असतात आणि खाली अ‍ॅल्युमिनियम आहे, स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की चर पडते आणि तिथनंच लीक होतं. प्लास्टिकची पट्टी आणि कापड घ्या, वेळ लागू द्या. बरेच जण पॅकिंगवर भरभरून अ‍ॅनाबॉन्ड (लीक होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावतात, पण जास्तीचं आत तुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. पॅकिंग नवं आणि जागा साफ असेल तर त्याची गरजच नाही. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा, शक्यतो टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना).

कूलंटमध्ये कंजुसी नको. आमच्याकडे धायरीत बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर बसतो, ते गाडीत ओतलं तर रेडिएटरचं काय होईल विचार करा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच कूलंट, रेडी मिक्स नसेल तर डिस्टिल्ड वॉटर. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, अर्धं अर्धं मिश्रण साधारण १०६-१०७ ला, आणि झाकणाच्या प्रेशरमुळे हा आकडा अजून वर जातो. मे महिन्यात एसी लावून खंबाटकी चढताना हाच फरक कामाला येतो. काढलेलं कूलंट मोजून ठेवा म्हणजे नवीन तेवढंच गेलं का कळतं, कमी गेलं तर आत हवा अडकलीये. हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू करा, फॅन एकदा सुरू होऊन बंद होऊ द्या, गाडी पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून लेव्हल बघा. गरम असताना उघडाल तर तोंडावर उडेल.

आता घूं आवाज गेलाय, लेव्हल जागेवर आहे, टेम्परेचरचा काटा घाटात पण हलत नाही. सर्व्हिस सेंटरच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी खर्च आला, नवा बेल्ट आणि कूलंट धरून. पंप काढल्यावर बेल्टची टेन्शनर पुली पण हाताने फिरवून बघा, खरखरत असेल तर तीही तेव्हाच बदला, सगळं उघडलेलंच असतं.

आणि जुनं कूलंट उघड्या टबमध्ये सोडून चहाला जाऊ नका. ते चवीला गोड आणि जबरदस्त विषारी असतं, सोसायटीतली कुत्री, मांजरं चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावा, सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन काढा, आणि कॅन गटारात न ओतता गॅरेजवाल्याकडे नेऊन द्या.