कानामागची एक बट

नागपुरात मेडिकल चौकाच्या सिग्नलवर पोलिसानं मला थांबवलं. हेल्मेट होतं, पण गाडीच्या आरशाला लटकवलेलं. "मॅडम, डोक्यात घालायला काय होते?" मी घालून दाखवलं. ते केसांवर जाऊन बसलं, डोक्यापर्यंत पोचलंच नाही. कानाच्या वर चार बोटं अधांतरी, आणि मान हलवली की तेही हलायचं. तो बिचारा हसला आणि जा म्हणाला. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता बास, टेक्श्चरायझिंग, म्हणजे रसायन लावून कुरळे केस जरा सैल करणं, ते करूनच टाकायचं.

हा रिव्ह्यू गोकुळपेठेतल्या एका लहानशा पार्लरचा आहे. नाव लिहीत नाही, कारण ताईंनीच नको म्हटलंय. एकट्या आहेत, दिवसाला दोनच जणी घेतात, फोन उचलायला हात रिकामा नसतो.

आधी माझ्या केसांबद्दल, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझी आई वर्धेची, बाबा केनियातल्या किसुमूचे. ते कॉलेजसाठी नागपूरला आले आणि इथलेच झाले. पोह्यावर तर्री कमी पडली तर ठेल्यावर पहिले भांडणारे आता तेच. मला नाक आईचं मिळालं, केस मात्र शंभर टक्के बाबांचे. केसांच्या प्रकारांचा जो तक्ता सगळीकडे फिरतो, त्यातल्या अगदी शेवटच्या रकान्यातले, 4सी. ओले असले की पाठीवर येतात, वाळले की कानाशी गोळा होऊन बसतात. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या होत्या. रविवारी आजी खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसायची आणि उठेपर्यंत एखाद्या फणीचे दात गेलेले असायचे. "काय केसं हायेत वं माय, नारळाची शेंडी परवडली." पोरं मला मॅगी म्हणायची. मला मॅगी आवडायची, म्हणून त्याचं फार वाटलं नाही. पण मॅगीसुद्धा दोन मिनिटांत मोकळी होते.

2016 साली, कॉलेजात असताना, एका पार्लरमध्ये रिबॉन्डिंग, म्हणजे रसायनानं केस कायमचे सरळ करणं, ते करून घेतलं. सात तास खुर्चीत. तीन महिने मी आरशासमोरून हललेच नाही. मग मुळाशी माझे खरे केस वर यायला लागले, आणि जिथं कुरळं संपून सरळ सुरू होतं, नेमके तिथूनच केस तुटायला लागले. उशीवर, ओढणीवर, भाजीत. शेवटी आईनं अंगणात बसवून सगळे कापले. त्यानंतर मी डोक्याला रसायन लावलं नव्हतं. आता पुन्हा विचार करतेय म्हटल्यावर घरात कोणी काही बोललं नाही, फक्त आईनं कात्री ड्रॉवरमध्ये आत सरकवली.

पहिली चौकशी केली ती एका मोठ्या, चकचकीत पार्लरमध्ये. तिथल्या मुलीनं माझ्या केसांना हात न लावताच सांगितलं, "मॅम, केराटिन करून टाका, नऊ हजारात." म्हणजे क्रीम लावून केस सरळ करायचे. मी फार्मसीवाली, बाटली मागितली. वर ठळक अक्षरात फॉर्मल्डिहाइड नाही असं लिहिलेलं, आणि मागे बारीक अक्षरात ग्लायऑक्झिलिक अॅसिड. 2024 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची केस प्रसिद्ध केली होती. तिनं तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये हेच अॅसिड होतं. मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मॅम, आमच्याकडे असं कोणाला झालं नाही." मी पाणी पिऊन उतरले.

गोकुळपेठेतलं पार्लर एका चक्कीच्या वर आहे. जिना अरुंद, भिंतीला हात लावला तर पीठ लागतं. गहू दळायला पडला की वरचा आरसा बारीक थरथरतो, त्यामुळे तिथं स्वतःचा चेहरा स्थिर असा दिसत नाही. ताई पन्नाशीच्या आहेत. आठ-नऊ वर्षं मस्कतला एका पार्लरमध्ये होत्या, तिथं इथिओपियन आणि सुदानी बायका यायच्या. वेण्या घालायला त्यांच्याचकडून शिकल्या. मला पाहून पहिल्यांदाच कोणी "बापरे" म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "ये बेटा, बस. शेवटचं कधी विंचरलं? खरं सांग." मी म्हटलं मंगळवारी. तो शुक्रवार होता. "मग आज विंचरण्यातच दुपार जाईल."

आणि गेलीच. केसांचे आठ भाग, प्रत्येकाला क्लिप, फवाऱ्यानं पाणी, हातभर कंडिशनर, आणि टोकाकडून वर बोटांनी सोडवत जायचं. मोठ्या दातांचा कंगवा अगदी शेवटी. माझ्या आयुष्यात कायम मुळापासून खाली विंचरलं गेलंय. साडेतीन तासांत एकदाही डोळ्यांत पाणी आलं नाही. नुसतं एवढ्यासाठीसुद्धा मी इथं पुन्हा जाईन.

हात चालू असताना त्यांनी चार प्रश्न विचारले. रिबॉन्डिंग कधी केलंय? ते केस डोक्यावर उरलेत का? रंग लावलाय? मेंदी? मेंदी म्हटल्यावर मी गप्प झाले. फेब्रुवारीत मामेबहिणीच्या लग्नात आजीनं पाकिटातली काळी मेंदी थापली होती. "पाकिटातली? त्यात नुसती मेंदी नसते बेटा, आणखी काय काय असते ते त्यालाच ठाऊक." त्यांनी सांगितलं की डोकं आज होणार नाही. फक्त एक बट करून बघू, तीनशे रुपये.

मी थोडी वैतागले, कारण अर्धी सुटी टाकून आले होते.

टेक्श्चरायझर म्हणजे वेगळं काही औषध नसतं, हे इथं सांगून टाकते. रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करणारं क्रीम, तोच, फक्त कमी वेळ ठेवायचा, म्हणजे केस सरळ न होता वेटोळं सैल पडतं. केसाला आकार देणारे गंधकाचे जोड असतात, ते रिलॅक्सरमधलं अल्कली कायमचे बदलून टाकतं. रिबॉन्डिंगचं रसायन वेगळ्या जातीचं, थायोचं. एकाचे केस डोक्यावर असताना त्यावर दुसरं लावलं तर केस हातात येतात. रिलॅक्सरच्या एका प्रकारात सरळ कास्टिक सोडा असतो, पीएच बाराच्या वर. हे आजीला सांगितलं तेव्हा तिनं चष्मा काढला. "कास्टिक? ते तं आम्ही घरी साबण कराले आणत होतो. हाताले लागलं तं कातडी निघे. तू डोक्याले लावतं?" ताईंकडची कीट त्यातली नव्हती. त्यातल्या क्रीममध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे खर्ऱ्यात घालतात तो विझवलेला चुना, आणि वापरायच्या वेळी त्यात दुसरी बाटली मिसळायची. कातडीला जरा सौम्य, पण केसावर कॅल्शियम साचून तो कोरडा पडतो. आमच्या बिल्डिंगला बोअरचं जड पाणी आहेच, त्यात ही भर.

डाव्या कानामागची, पेन्सिलीएवढी बट त्यांनी निवडली. कानाच्या पाळीला, मानेला व्हॅसलीनचा जाड थर. खाजवलंस का आज, हे पुन्हा एकदा विचारलं, कारण ओरखड्यावर हे गेलं तर भाजतं. ब्रशनं क्रीम लावलं. वास पार्लरचा नव्हता, नुकत्याच चुना मारलेल्या खोलीचा होता. मोबाइलवर टायमर, आणि दर मिनिटाला कंगव्याच्या मागच्या बाजूनं बट हलकेच दाबून बघायची. कीटवर रिलॅक्सरला जेवढा वेळ दिला होता, त्याच्या निम्म्यालाच त्यांनी मला उठवलं आणि बेसिनशी नेलं. पाणी, मग खास शाम्पू. फेस गुलाबी आला. अल्कली उरलं असेल तोवर तो गुलाबी, गेलं की पांढरा. मी डोकं बेसिनमध्ये उलटं घालून हसत होते, कारण बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये रंग बदलणाऱ्या फिनॉलफ्थॅलीनसारखंच हे माझ्या कानामागे चाललं होतं. तिसऱ्या वेळी फेस पांढरा झाला.

वाळल्यावर बट हातात घेतली. बाकीचे केस बॉलपेनच्या रिफिलवर गुंडाळल्यासारखे, ही बट जाड मार्करवर गुंडाळल्यासारखी. सोडली की कानाखाली पोचत होती. सगळं डोकं असं झालं तर हेल्मेट नक्की बसेल, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. मी ताईंना म्हटलं, आजच करून टाका ना, मेंदीचं बघू पुढे. त्यांनी ग्लोव्हज काढून कचऱ्यात टाकले. "पंधरा दिवस रोज ओली करून ओढून बघ. मग बोलू."

नवव्या दिवशी कंगव्यात तीन तुकडे सापडले, बोटाच्या पेराएवढे. ओढून बघितलं तर मुळाकडची सहाएक सेंटीमीटर, म्हणजे लग्नानंतर उगवलेली, छान होती. ताणली की परत जागेवर येत होती. त्याखालचा मेंदीचा भाग ओला असताना शेवईसारखा लांबायचा आणि तुटायचा. त्या दिवशी मी म्हटलं तसं पूर्ण डोकं केलं असतं तर आईची कात्री पुन्हा निघाली असती. फोटो पाठवला, ताईंचं उत्तर आलं: "मेंदीचे केस कापत कापत संपव. मग ये."

दरम्यान मी आत्याशी बोलले. ती किसुमूला असते. तिकडे बऱ्याच शाळांत मुलींना केस बारीकच ठेवावे लागतात. त्यामुळे शाळा संपली की रिलॅक्सर लावणं हे तिच्या वयाच्या मुलींना मोठं झाल्यासारखं वाटायचं. तिनं अठरा वर्षं लावलं. दर दोन-अडीच महिन्यांनी मुळं, कारण डोक्यातून येणारा केस कुरळाच येतो. मग एका दुपारी सगळे कापून टाकले. का, असं विचारलं तर म्हणाली, शनिवार परत हवे होते. मला वाटलं होतं ती कर्करोगाचं काढेल. ते मीच काढलं. अमेरिकेत 33,497 बायकांचा एक अभ्यास 2022 साली आला. केस सरळ करणारी रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज 4.05 टक्के, कधीच न वापरणाऱ्यांत 1.64 टक्के. त्यातून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. पण मुळं भरायची म्हणजे वर्षाला पाच-सहा खेपा, म्हणजे मी बरोबर त्या चारच्या पलीकडच्या गटात. आत्या म्हणाली, हो, तेही आहे. आणि शनिवारही.

तोपर्यंत काय? ताईंनी उन्हाळ्याचं विचारलं होतं. मे महिन्यात बाहेर 45 अंशांची कोरडी भट्टी आणि घरात कूलरची दमट हवा, माझ्या केसांना एका दिवसात दोन गावं फिरल्यासारखं होतं. ग्लिसरीन असलेलं क्रीम कूलरसमोर छान वागतं आणि उन्हात गेलं की केसातलंच पाणी ओढून घेतं. त्यांनी ते बंद करायला लावलं. त्याऐवजी जवस. दोन चमचे जवस दीड कप पाण्यात, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येईपर्यंत उकळायचे आणि गरम असतानाच मलमलीतून गाळायचे. थंड झालं तर फडक्यातून उतरतच नाही, हे मी स्वतः भांडं फेकून शिकले. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आजी इतवारीतून चटणीसाठी जवस आणते, आता अर्धा किलो जास्त आणते आणि प्रत्येक वेळी बाबांना सांगते की तुमच्या पोरीनं चटणी डोक्याले लावली. झोपताना उशीला गांधीबागेतून आणलेल्या सॅटिनच्या अस्तराचा अभ्रा. सुती अभ्रा केसातला ओलावा पितो आणि कुरळ्याला घासतो. सहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त फरक या सत्तर रुपयांच्या कापडानं पडला.

तक्रारी आहेत. वेळ घेऊनही पाऊण तास थांबावं लागलं. खुर्चीचं पाय ठेवायचं लोखंड तुटलेलं, साडेतीन तास पाय लटकत राहतात. बेसिनचा काठ मानेला रुततो, टॉवेल स्वतःचा न्या. पार्किंग नाही, बाजाराच्या दिवशी गाडी दोन गल्ल्या लांब लावावी लागते. कार्ड चालत नाही. सरळ केसांचं कटिंग त्यांच्याकडे करू नका, माझ्या मावशीचं एका बाजूला अर्धा इंच खाली आलंय. विंचरून धुण्याचे सातशे, बटीचे तीनशे, असे हजार रुपये दिले आणि डोकं होतं तसंच घेऊन घरी आले. पाचपैकी साडेचार. अर्धा त्या खुर्चीचा कापला.

हेल्मेट अजून बसत नाही. सध्या केसांच्या दोन सपाट वेण्या डोक्याला चिकटवून घालते, त्यावर जेमतेम सरकतं. परवा शेवटचा मेंदीचा भाग कापायला गेले, तेव्हा ताईंनी डायरी काढली आणि विचारलं, लिहू का पुढच्या महिन्यातलं? मी कानामागची बट चाचपत होते. मुळाशी तिच्यातही आता मॅगी परत आलीय. त्यांनी पेन ठेवून पेन्सिल घेतली, नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. खाली चक्की सुरू झाली, तेही जरा वाकडंच आलं.