एअर स्टोन झकास, पंप मात्र घुरघुरतो

नवी पेठेतून माशांच्या टाकीसाठी एअर पंप आणि एअर स्टोन (पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा बारीक छिद्रांचा दगड) आणला. सोलापूरचा मे म्हटल्यावर टाकीतलं पाणीही तापणारच, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला जेमतेम साडेसात. आमचे गोल्डफिश दुपारी वर येऊन तोंडाची उघडमीट करायचे, ते थांबलं.

श्रेय दगडाचं. आधी नुसत्या नळीतून मोठाले बुडबुडे भसाभस वर निघून जायचे. तेवढ्याच हवेच्या बुडबुड्यांचा व्यास पाव केला, तर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग चौपट होतो. शिवाय बारीक बुडबुडे सावकाश चढतात, त्यामुळे ऑक्सिजन पाण्यात उतरायला वेळही मिळतो. वरचं पाणी ढवळलं जातं, त्याचाही मोठा वाटा. दुकानदार "जास्त बुडबुडे, जास्त ऑक्सिजन" म्हणून मोकळा. आकाराबद्दल चकार शब्द नाही.

पंप रात्री घुरघुरतो. खाली जुनी चादर घडी घालून ठेवलीय (सोलापुरीच, दुसरी कुठली असणार?). चेक व्हॉल्व्ह (नळीत एकाच दिशेने वाट देणारी झडप) सोबत येत नाही, तो वेगळा मागून घ्याच. नाहीतर पंप टाकीच्या खाली असेल आणि लाइट गेली, तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.