मे महिन्यातल्या गच्चीवर ठिबक संच: डब्यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं

एप्रिल उजाडला की ‘घरगुती ठिबक संच, ३० कुंड्यांसाठी’ असे डबे नर्सरीत आणि ऑनलाइन दुकानांत झपाट्याने खपतात. घेणाऱ्याचा हिशोब साधा असतो: पोरांना सुट्टी लागली, आठ दिवस गावी जायचंय, मागे वांगी-मिरची जगली पाहिजे. डबा हजाराच्या आतबाहेर मिळतो. टायमर हवा असेल तर जवळजवळ तेवढेच पैसे वर. गावाहून परतल्यावर मात्र निम्म्या घरांत एकच चित्र दिसतं. नळाजवळच्या चार कुंड्यांत चिखल आणि टोकाच्या दहा कुंड्यांत काड्या. संच टाकाऊ नसतो, पण तो नळाच्या चांगल्या दाबासाठी बनवलेला असतो आणि आपल्या गच्चीवर दाब नसतो. या एका गोष्टीभोवतीच डब्यातल्या प्रत्येक वस्तूचं बरंवाईट ठरतं.

डबा उघडला की साधारण हे हाती लागतं: १६ मिलिमीटरची काळी लॅटरल (मुख्य) नळी, ४ मिलिमीटरची बारीक मायक्रोट्यूब, लाल टोपीचे फिरवून कमीजास्त करायचे ड्रीपर (कुंडीत पाणी सोडणारी तोंडं), नळी टोचायचा पंच, जॉइनर, टी, एंड कॅप, काही खुंट्या आणि नळाला बसणारा जोड. स्वस्त डब्यात १६ मिमीची नळी नसतेच. सगळी जोडणी बारीक नळीवर, एका कुंडीतून दुसरीत. तो डबा घेऊच नये. बारीक नळीत घर्षण इतकं असतं की दहाव्या कुंडीपर्यंत पाण्याला जोरच उरत नाही.

आता दाबाचं गणित. ठिबकवाल्यांच्या भाषेत ‘एक किलो दाब’ म्हणजे दहा मीटर उंचीवरून येणारं पाणी. ड्रीपरवर जे ‘ताशी ४ लिटर’ छापलेलं असतं ते या एक किलोला. गच्चीवर जिन्याच्या डोक्यावरची टाकी कुंड्यांपासून जेमतेम अडीच-तीन मीटर उंच असते, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. साध्या ड्रीपरमधलं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं, म्हणून पाव किलोला ४ लिटरचा ड्रीपर ताशी २ लिटर देतो. दोनशे लिटरचं पिंप मीटरभर उंचीच्या घोडीवर ठेवलं तर भरलेलं असताना तोच ड्रीपर १.७ लिटर देईल आणि पिंप तळाला गेलं की सव्वा लिटरवर येईल. डब्यावरचा आकडा धरून वेळ लावली की झाडाला निम्मं पाणी मिळतं, आणि मे महिन्यात निम्म्या पाण्यावर भेंडी जून होते, काकडी कडू होते आणि टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो.

लाल टोपीचा ड्रीपर हा या डब्यातला सगळ्यात कमकुवत भाग. भरपूर दाबाला तो छान कारंजं उडवतो. कमी दाबाला मात्र नळाजवळचे दोन-तीन जरा जास्त उघडे राहिले की तेच सगळं पाणी पितात. ते आवळत आणले की फट इतकी बारीक होते की वाळूचा एक कण ती बंद करतो. टोपी काढून लगेच धुता येते, हा त्याचा खरा गुण. तीस कुंड्यांना रोज सारखं पाणी द्यायचं असेल तर ठिबकच्या दुकानातून साधे, ठरावीक ४ लिटरचे ऑनलाइन ड्रीपर आणावेत. इथे ऑनलाइन म्हणजे नळीवर बाहेरून टोचायचे. नगाला काही रुपयांत मिळतात. दुकानदार ‘पीसी घ्या, चांगला असतो’ म्हणेल. पीसी म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारा ड्रीपर. दाब भरपूर असेल तिथे तो चांगलाच. पण आतला रबरी पडदा नीट काम करायला बहुतेकदा अर्धा किलो तरी दाब लागतो, त्यामुळे टाकीच्या पाण्यावर त्याचा भरवसा नाही. लांबट ट्रे किंवा वाफे असतील तर ड्रीपर टोचत बसूच नये, ३० सेंटीमीटर अंतरावर आतच ड्रीपर बसवलेली इनलाइन नळी अंथरावी. मेथी, माठ, राजगिरा, पुदिना यांना तीच बरी.

टायमर घेताना डब्यावरचा एक आकडा बघावा: दाबाची मर्यादा (एक बार म्हणजे साधारण एक किलो). ‘० ते ८ बार’ लिहिलं असेल तर आत मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह आहे, टाकीच्या पाण्यावर तो चालतो. ‘०.५ ते ८ बार’ लिहिलं असेल तर तो सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारा, कमी दाबाला एकतर उघडत नाही किंवा नीट बंद होत नाही. लेबल नसेल तर सेल घालून कानाने ओळखता येतं. बॉल व्हॉल्व्ह उघडताना दोन-चार सेकंद घर्र आवाज येतो, सोलेनॉइड नुसतं ‘टक’ करतो. महापालिकेचं पाणी दिवसातून ठरावीक वेळच येत असेल तर टायमर थेट त्या नळाला लावण्यात अर्थ नाही. तो टाकीच्या किंवा पिंपाच्या तोटीलाच हवा. उन्हात पडद्यावरचे आकडे काळे पडतात, म्हणून वर एखादी जुनी कुंडी किंवा डबा उपडा घालावा. सेल मात्र जायच्या आदल्या दिवशी नवे घालावेत आणि पूर्ण एक दिवस टायमर डोळ्यांसमोर चालवून बघावा.

नळीबद्दल तक्रार करण्यासारखं थोडं. चांगल्या लॅटरलवर आयएस १२७८६ हा मानकाचा क्रमांक छापलेला असतो. बिनछापाची नळी दोन उन्हाळ्यांत तडकते. खरी अडचण तिच्या काळ्या रंगाची. १६ मिमीच्या वीस मीटर नळीत सुमारे तीन लिटर पाणी कायम साठलेलं राहतं. दुपारी दोन वाजता सिमेंटच्या गच्चीवर पडलेल्या नळीतलं हे पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं, आणि संध्याकाळी पाचला टायमर सुरू झाला की ते थेट मुळांवर. म्हणून दुपारची आणि पाचची पाळी लावूच नये. पहाटे सहाची एक आणि सूर्य मावळून तासभर झाला की दुसरी. नळी कुंड्यांच्या सावलीच्या बाजूने, जमिनीला न टेकवता न्यावी. वरून पोत्याचं कापड गुंडाळलं तरी फरक पडतो. भोकंही सकाळीच पाडावीत. उन्हाने मऊ झालेल्या नळीत पंच मारला की भोक फाटतं आणि ड्रीपरच्या कडेने पाणी झिरपत राहतं. गच्चीवर प्रेशर पंप असेल तर उलटाच त्रास: तापलेल्या नळीतून जॉइनर उडतात. तिथे तोटी अर्धीच उघडावी किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावावा.

मायक्रोट्यूब पारदर्शक असेल तर आठ-पंधरा दिवसांत आत हिरवं शेवाळ धरतं. काळीच मागावी. खारींना आणि उंदरांना ती कुरतडायला फार आवडते, मे महिन्यात तर त्यांनाही पाणी कुठे मिळत नाही. गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याचं एक पसरट भांडं ठेवलं की कुरतडणं बरंच थांबतं.

गाळणी बहुतेक डब्यांत नसते आणि ही सगळ्यात मोठी चूक. टाकीच्या तळाचा गाळ आधी ड्रीपरमध्येच येतो. १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांची) छोटी स्क्रीन गाळणी तोटीनंतर लगेच बसवावी, आठवड्यातून एकदा उघडून ब्रशने धुवावी, आणि त्याच वेळी नळीच्या टोकाचं एंड कॅप काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावं. बोअरचं पाणी असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. ड्रीपर काढून लिटरभर पाण्यात चमचाभर सायट्रिक अॅसिड घालून रात्रभर बुडवले की क्षार सुटतो. सुईने टोचू नये, भोक मोठं झालं की तो ड्रीपर कायमचा बिघडला. जीवामृत किंवा कंपोस्टचं पाणी या नळीतून कधीच सोडू नये. कितीही गाळलं तरी आत चिकट थर धरतो. ते हातानेच द्यावं, पंधरा दिवसांनी.

एका ड्रीपरवर मोठी ग्रो बॅग (झाड लावायची पिशवी) भागत नाही, हे संचाच्या माहितीपत्रकात कुणीच लिहीत नाही. बारा बाय बारा इंची बॅगेत २२ लिटर मिश्रण मावतं, पंधरा बाय पंधरात ४३. कोकोपीट जास्त असलेल्या सैल मिश्रणात एका ड्रीपरचं पाणी आडवं पसरत नाही, भोवऱ्यासारखं सरळ खाली जातं. खालून पाणी निथळलं की वाटतं बॅग भिजली. कडेने बोट घालून बघितलं तर दोन पेरांवर कोरडं. पंधरा इंची बॅगेला खोडापासून चार-चार बोटांवर समोरासमोर दोन ड्रीपर हवेतच. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही, ते बाजूने निसटून जातं. अशी बॅग आधी घमेल्यात ठेवून तासभर खालून भिजवून घ्यावी, मग ठिबक लावावं. वर उसाचं पाचट, वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या तीन बोटं जाड पसराव्यात. ड्रीपर या आच्छादनाखाली, पण मातीपासून वर, खुंटीला अडकवलेला हवा. मातीत रुतलेला ड्रीपर पाणी बंद होताना ओढ लागून चिखल आत घेतो.

पाणी किती? ४० अंशांच्या आसपासच्या दिवसांत पंधरा इंची बॅगेतल्या भरात आलेल्या वांग्याला, भेंडीला रोज तीन लिटर धरून सुरुवात करावी, बारा इंची बॅगेतल्या मिरचीला दीड-दोन. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात जास्त, कोकणातल्या दमट हवेत कमी. पाव किलो दाबाला दोन ड्रीपर मिळून ताशी चार लिटर देतात, म्हणजे तीन लिटरला पाऊण तास. तो सकाळी २५ मिनिटं, रात्री २० असा वाटावा. अशा तीस बॅगांना दिवसाला ९० लिटर लागतं. दोनशे लिटरचं पिंप दोन दिवसांत संपतं, आठ दिवसांच्या गावाला ते पुरणार नाही. टाकीला जोडण्याशिवाय इलाज नाही. भरलेलं पिंप दोनशे किलोचं असतं. ते घोडीसकट भिंतीजवळ, तुळईवर ठेवावं, स्लॅबच्या मधोमध नको.

पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक वाटी ठेवावी. बरोबर सहा मिनिटं पाणी चालवावं. औषधाच्या मापाने किंवा मोजपात्राने प्रत्येक वाटीतलं पाणी मोजावं आणि दहाने गुणावं, की ताशी किती ते मिळतं. २०० मिली म्हणजे ताशी दोन लिटर. पहिल्या आणि शेवटच्या वाटीत पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त फरक असेल तर नळीची दोन्ही टोकं टी लावून एकत्र जोडावीत, म्हणजे पाणी दोन्हीकडून फिरतं. बॅगा वेगवेगळ्या उंचीवर असतील तर खालच्यांना जास्त मिळणारच. शिवाय तोटी बंद झाल्यावर नळीतलं उरलेलं पाणीही त्याच पितात. सगळ्या एका पातळीत आणणं हाच उपाय.

वांग्याची पानं दुपारी मान टाकतात तेव्हा पाण्याची वेळ वाढवू नये. भिजलेल्या मातीतही ती भर उन्हात लोंबतात. सकाळी सातला ताठ असतील तर पाणी पुरेसं आहे. सकाळीही लोंबलेलीच दिसली तर बोट घालून बघावं. कोरडं असेल तर पाणी वाढवावं. ओलं असूनही लोंबत असतील तर मुळं कुजतायत, पाणी तोडावं. ज्या गोष्टी ठिबकच्या हातात नाहीत त्या त्याच्याकडून मागू नयेत. पारा ३५च्या वर राहिला की टोमॅटोची फुलं गळतात, कितीही पाणी द्या. वरून ५० टक्क्यांची हिरवी जाळी लागते. ७५ टक्क्यांची नको, तिच्याखाली फळभाज्या नुसत्या उंच वाढतात. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी धरतो, तो ठिबकमुळे आणखी बेफाम होतो, कारण पानांवर पाणी पडतच नाही. दोन दिवसांआड सकाळी पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा मारावा.

सल्ला विचाराल तर डबा न घेता सुटं सामान घ्यावं. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या कंपन्यांचा माल तालुक्याच्या ठिकाणीही ठिबकच्या दुकानात मिळतो. दुकानदाराला टाकीची उंची, बॅगांची संख्या आणि रांगेची लांबी एवढं सांगितलं की तो नळी मोजून कापून देतो. दहापेक्षा कमी कुंड्या असतील तर हा खटाटोप नको, झारी आणि जाड आच्छादन पुरे. डबा आधीच घरात आला असेल तर नळी, टी, पंच ठेवावेत, ड्रीपर बदलावेत आणि गाळणी घालावी.

वळीव पडला की त्या रात्रीची पाळी बंद ठेवावी, सकाळी बोट घालून बघावं आणि मगच टायमर पुन्हा लावावा. वादळी वाऱ्याने खुंट्या हललेल्या असतात, ड्रीपर खोडावर किंवा बॅगेबाहेर ठिबकत असतात. एक फेरी मारून ते जागेवर आणावेत, आणि जूनमध्ये पाऊस लागला की नळीतलं पाणी काढून, गुंडाळी करून सावलीत टांगावी.