जेन एअर की वाइल्डफेल हॉल, आधी कुठली घ्यायची?

व्हिक्टोरियन काळातल्या बायकांची घुसमट समजून घ्यायचीय आणि वेळ एकाच जाड कादंबरीपुरता आहे, तर शार्लट ब्रॉन्टेची 'जेन एअर' (१८४७) की तिच्या धाकट्या बहिणीची, अ‍ॅनची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' (१८४८)? गोष्ट म्हणून जेनच भारी, वादच नाही. वर्षाला तीस पाउंडांवर राबणारी गव्हर्नेस (श्रीमंताच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई), गच्चीवर उभं राहून बायकांनाही पुरुषांइतकंच वाटतं म्हणणारी, आणि जिच्याशी लग्न ठरलंय त्या मालकाची, रोचेस्टरची, पहिली बायको जिवंत आहे कळल्यावर एवढं प्रेम असून रात्रीतून निघून जाणारी. पण शेवटी तिची अडचण सोडवतो कोण, तर काकाचा वारसा, वीस हजार पाउंड! (त्यातले पंधरा हजार ती भावंडांना वाटून टाकते, ते सोडा.) आणि वरच्या मजल्यावर कोंडलेल्या त्या पहिल्या बायकोला, बर्थाला, स्वतःची बाजू मांडायला एक वाक्यही मिळत नाही, ते मला दरवेळी खुपतं.

वाइल्डफेलमध्ये बायकोच बोलते. हेलनचा नवरा दारुडा, बाहेरख्याली, वर लहानग्या पोराला दारू पाजून शिव्या शिकवणारा. चित्रं विकून पळून जायचा तिचा बेत तो तिची डायरी वाचून ओळखतो, किल्ल्या काढून घेतो आणि तिचे रंग, ब्रश सगळं शेकोटीत टाकतो. त्या काळी लग्न झालेल्या बाईची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याचीच, स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवायचा हक्क १८७० च्या कायद्याने आला, त्यामुळे तो नुसता राग काढत नाहीये, तिच्या सुटकेचे पैसेच जाळतोय. तरीही ती पोराला घेऊन निघते, नाव बदलून चित्रं विकून जगते. नवऱ्याकडे परत जा नाहीतर सहा महिने तुरुंग, हे १८८७ साली मुंबईत रखमाबाईंना ऐकावं लागलं ते याच इंग्रजी कायद्याच्या वळणाचं, म्हणून आपल्याला हे पुस्तक जास्त जवळचं वाटेल.

सुरुवात रटाळ आहे हे मान्य, गिल्बर्ट नावाचा तरुण बरीच प्रकरणं गावगप्पा सांगत बसतो, हेलनची डायरी सुरू होईपर्यंत कळ काढा. विषय हवा असेल तर वाइल्डफेल, रात्रभर खाली ठेववणार नाही असं पुस्तक हवं असेल तर जेन.

फक्त वाइल्डफेल घेताना पहिलं पान बघा. हॅलफर्ड नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्राने सुरुवात असेल तर पूर्ण प्रत, थेट १८२७ सालापासून सुरू होत असेल तर अ‍ॅनच्या मृत्यूनंतर निघालेली कापलेली आवृत्ती, ती नको.