टरबुजाला मल्चिंग पेपर, केळीला पाला: खान्देशातल्या शेतासाठी तुलना

लागवडीआधी बेडवर काय अंथरायचं, हे ठरवताना दुकानदाराकडे एकच उत्तर असतं: मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म. दुसरं उत्तर शेतातच पडलेलं असतं. केळीचा वाळला पाला, पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडांची) कुट्टी, भुसा. त्याचं बिल होत नाही, म्हणून त्याचा हिशोबही कोणी मांडत नाही.

पेपरचे फायदे खरे आहेत. तण दबतं, ठिबकचं पाणी उन्हात उडून जात नाही, फळ ओल्या मातीला टेकत नाही. वरची बाजू चंदेरी असली, तर तिच्यावरून परतणाऱ्या उजेडाने मावा आणि पांढरी माशी झाडावर कमी उतरते. टरबूज-मिरचीत व्हायरस पसरवतात ते हेच कीटक. पाल्याला हे काम जमत नाही. अडीच महिन्यांत पैसे मोकळे करून देणाऱ्या टरबुजाला म्हणूनच मी पेपर नको म्हणणार नाही.

पण तो अंथरतानाच काढायचा कसा, हे ठरवा. 4 फूट रुंदीचा, 25 मायक्रॉनचा (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेपर 6 फुटांच्या अंतरावर अंथरला, तर एकरात साधारण 60 किलो प्लास्टिक जातं. काढताना त्याला माती, वेल, मुळं चिकटलेली असतात. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला किलोवर घेऊन जातो, कारण त्या जाड असतात आणि झटकल्या की बऱ्यापैकी साफ होतात. मातीने माखलेला पातळ पेपर धुवायलाच इतका खर्च येतो, की भंगारवाला त्याच्याकडे बघतही नाही. जळगावला एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत, तिकडे जाईल असं काही जण म्हणतात. चटई पॉलिप्रॉपिलीनची बनते, पेपर पॉलिइथिलीनचा असतो. एकाचा वितळवून केलेला दाणा दुसऱ्यात चालत नाही.

मग तो बांधावर जळतो नाहीतर रोटाव्हेटरखाली जातो. जाळला तर काजळी आणि घातक धूर आपल्याच घरात येतो. रोटाव्हेटरखाली गेला तर तुकडे होतात, आणि ते वर्षानुवर्षं कुजत नाहीत. कापसासाठी वर्षानुवर्षं पातळ फिल्म वापरणाऱ्या शिनजियांगमध्ये मातीत असे तुकडे इतके साठले, की चीनने 2018 पासून किमान 10 मायक्रॉन जाडीची अट घातली. त्याहून पातळ फिल्म अखंड उचलताच येत नव्हती. आपणही कापूसवालेच आहोत. मला या गोष्टीची खरंच काळजी वाटते.

केळीचा विचार मात्र वेगळा. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), पीक वर्षभर उभं राहतं, पिलं काढावी लागतात, खत-माती चढवावी लागते. तोवर पेपर फाटून चिंध्या होतो. इथे पाला उजवा ठरतो. खोड आणि पानांत पालाश भरपूर असतो, तो कुजून परत मुळांशी येतो. 3-4 इंचांचा थर तण दाबतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात माती तापू देत नाही.

पाल्याचेही त्रास आहेत. कुजताना तो मातीतला नत्र काही काळ अडवतो, म्हणून शेण-स्लरी किंवा थोडा युरिया द्या. करप्याची (पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगाची) पानं अंथरू नका. कापलेली खोडं तुकडे न करता तशीच पडू दिली तर सोंडकिडीला घर मिळतं. मर रोग असलेल्या बागेतली काडीसुद्धा दुसऱ्या शेतात नेऊ नका. उन्हाळ्यात एका बिडीनेही थर पेटू शकतो, हे मजुरांना सांगून ठेवा.

धुळे जिल्ह्यात शिंदखेडा-साक्रीकडे केळीचा पाला मिळणार नाही. तिथे पऱ्हाटीची कुट्टी करा, पण आधी उरलेली बोंडं वेचून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी त्यांतच दडते.

पेपरच घ्यायचा असेल तर 25 मायक्रॉनच्या खाली उतरू नका. 'आपोआप विरघळतो' म्हणून मिळणारा ऑक्सो-डिग्रेडेबल पेपर नकोच. तो विरघळत नाही, फक्त त्याचा चुरा होतो. तोडा संपला की आधी वेल कापून बाहेर काढा, नळ्या गुंडाळा, आणि माती थोडी वाफशावर असताना पेपर एका टोकाकडून अखंड उचला. मजुरीचे पैसे मालाच्या पहिल्या पट्टीतूनच (विक्रीच्या बिलातूनच) बाजूला काढा. शेवटच्या तोड्यानंतर भाव पडलेला असतो आणि पेपर तसाच राहतो.